धावपट्टीपलीकडचा रस्ता

विमाने पाहण्याचा छंद हा सुखवस्तू देशांचा छंद समजला जातो, आणि तो समज अगदीच खोटा नाही. कुंपणाबाहेर तासन् तास उभे राहायचे, उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीजवळचा नोंदणी क्रमांक वहीत टिपायचा, जमल्यास छायाचित्र घ्यायचे आणि हाती काही न लागता तृप्त मनाने घरी जायचे, हे करण्यासाठी रिकामा वेळ आणि भरलेले पोट दोन्ही लागते. ज्या गावात विमानांची ये-जा दिवसभरात बोटांवर मोजता येईल इतकीच, त्या गावात हा छंद धरणाऱ्याला लोक काय म्हणत असतील याची वाचकांनी कल्पना करावी. आम्ही दोघेतिघे ते बरीच वर्षे ऐकून घेत आहोत.

या छंदाची पंढरी म्हणजे आल्प्स पर्वतातले विमानतळ. ऑस्ट्रियातले इन्सब्रुक त्यांतले सर्वांत लाडके. इन नदीच्या अरुंद खोऱ्यात, पूर्व-पश्चिम पसरलेली जेमतेम दोन हजार मीटरची धावपट्टी. उत्तरेला नॉर्डकेट्टची उभी भिंत. दक्षिणेकडून अवचित सुटणारा ‘फोन’ नावाचा उष्ण, अवखळ वारा. तिथे विमान उतरवायचे तर वैमानिकाला वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. हिवाळ्यातल्या शनिवारी बर्फावर घसरायला आलेल्या पर्यटकांची विमाने एकामागून एक उतरतात. छायाचित्रकार धावपट्टीच्या दक्षिणेला उभे राहतात, म्हणजे ऊन पाठीशी आणि हिमाच्छादित डोंगर विमानामागे. अशा चित्रांत विमान खेळण्याएवढे दिसते आणि डोंगर देवळाएवढा. ती चित्रे आम्हीही डोळे भरून पाहिली आहेत.

इन्सब्रुकचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. आमचा चिकलठाण्याचा विमानतळही जवळजवळ तेवढ्याच उंचीवर आहे. फरक असलाच तर मीटरभराचा. आमचीही धावपट्टी पूर्व-पश्चिम. आमच्याकडेही चांगला उजेड हवा असेल तर दक्षिणेकडूनच पाहावे लागते. नकाशातली ही जुळणी प्रथम ध्यानात आली तेव्हा आम्हांला बालिश आनंद झाला होता. मग मान वर करून उत्तरेकडे पाहिले. तिकडे जालना रस्ता, त्यापलीकडे एमआयडीसीचे कारखाने आणि त्यांवर पसरलेला धुरकट पांढरा उजेड. नॉर्डकेट्ट कुठेच नव्हता.

इथे पाहणे म्हणजे मुख्यतः वाट पाहणे. एकदा शेळ्या वळणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हांला हटकले होते. “कोन येनार हाय का तुमचं, पाव्हणं?” “नाही बाबा, कोणी नाही.” “मंग?” “विमान बघतोय.” त्यांनी क्षणभर आमच्याकडे, मग आभाळाकडे पाहिले आणि सहानुभूतीने म्हणाले, “बघा बघा. येईलच.” आमच्या छंदाची याहून समंजस व्याख्या आम्हांला आजवर सापडलेली नाही. असो.

डोंगर नाही असे वर म्हटले खरे, पण ते पूर्ण सत्य नव्हे. डोंगर आहे, तो दिसत मात्र नाही. विमानाला पेलून धरते ती हवा, आणि हवा तापली की विरळ होते. विमानशास्त्राच्या प्रमाण वातावरणात आमच्या उंचीवरचे तापमान सुमारे ११ अंश सेल्सिअस धरलेले असते. पारा त्याच्या वर गेला की दर अंशामागे हवा साधारण १२० फूट अधिक उंचीवरच्या हवेइतकी पातळ होते, असा वैमानिकांचा ढोबळ हिशेब आहे. मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी हा हिशेब मांडला तर चिकलठाण्याची धावपट्टी विमानाच्या लेखी ५८० मीटरवरून उठून १७०० मीटरच्या आसपास जाऊन बसते. स्वित्झर्लंडमधल्या एंगाडिन खोऱ्यातला सामेडानचा विमानतळ, जो युरोपातल्या सर्वांत उंच विमानतळांपैकी एक गणला जातो, तो १७०७ मीटरवर आहे. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, गाव उसाचा रस पीत पंख्याखाली बसलेले असते तेव्हा, आमचा विमानतळ मुकाट्याने आल्प्सवर चढून बसलेला असतो. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनांचा जोर उतरतो आणि विमानाला जमीन सोडायला अधिक धाव लागते.

हे एकदा समजले की पाहण्याची रीत बदलते. उन्हाळी दुपारी धावपट्टीवर मृगजळ हेलकावत असते. त्यातून धावत येणाऱ्या विमानाची चाके वितळल्यासारखी दिसतात. ती जमिनीला टेकलेली आहेत की सुटली आहेत हे कळत नाही. छायाचित्राच्या दृष्टीने हा उजेड अगदी टाकाऊ, कारण कडा फाटतात आणि अक्षरे थरथरतात. आम्ही मात्र अशा वेळी कॅमेरा खाली ठेवतो आणि नुसते पाहतो. चाके आणि मृगजळ यांच्यामध्ये प्रकाशाची एक बारीक फट पडते तोवर पाहतो. ती फट दिसली की श्वास सुटतो.

आमच्या शहरात या फटीला एक इतिहास आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे विमान इथून मुंबईकडे निघाले. दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई असा तो मार्ग होता. अजिंठा-वेरूळला येणाऱ्या पर्यटकांच्या सोयीचा. बोइंग ७३७ जातीचे विमान, नोंदणी व्हीटी-ईसीक्यू, आत कर्मचाऱ्यांसह ११८ माणसे. त्या वेळी धावपट्टी सहा हजार फुटांची होती. विमानाने जमीन उशिरा सोडली. धावपट्टीच्या टोकापासून चारेकशे फुटांवरून बीड रस्ता जात होता आणि त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. जमिनीपासून जेमतेम सात फुटांवर असलेल्या विमानाचे डावे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर ते उच्च दाबाच्या विजेच्या तारांत अडकले आणि वरुड काझीच्या शिवारात कोसळले. ५५ माणसे गेली. ६३ वाचली.

चौकशीत दोन कारणे पुढे आली. विमान उचलण्यात वैमानिकांनी केलेला उशीर आणि त्यांची चुकीची पद्धत, हे एक. उड्डाणांच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश, हे दुसरे. पहिले कारण आकाशाशी संबंधित आहे, दुसरे जमिनीशी. आमचे मन दुसऱ्यापाशी पुन्हा पुन्हा घुटमळते. मराठवाड्यात पिकलेला कापूस, मराठवाड्यातल्या रस्त्यावरून, आपल्या वेळेने चालला होता. जगाची लेणी पाहून परतणारे विमान त्याच्यावरून जाणार होते. दोघांचे वेळापत्रक एकमेकांना ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक करून देणारे साधे फाटकही आड आले नाही.

इन्सब्रुकच्याही वाट्याला असा दिवस आला होता. २९ फेब्रुवारी १९६४ रोजी लंडनहून आलेले ब्रिटिश ईगल कंपनीचे ब्रिटानिया विमान ग्लुंगेझर पर्वतावर आदळले. आतली सर्व ८३ माणसे गेली. पण तिथे विमान ज्यावर आदळले तो डोंगर आजही प्रत्येक छायाचित्रात आहे. सौंदर्य आणि धोका एकाच चौकटीत, एकाच रेषेने काढलेले. पाहणाऱ्याला वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही. आमच्याकडे धोका होता तो रस्त्यात, आणि रस्ता कोणी छायाचित्रात घेत नाही. तारा, ट्रक, टपरी, सायकलवरचा माणूस हे सारे कातरून टाकले की चित्र ‘स्वच्छ’ होते, निळ्या आभाळात एकटे विमान उरते. असे चित्र कुठल्याही गावचे असू शकते.

कॅमेऱ्याविषयी बोलायचे तर त्याची भीतीही जगभर आहे. १९३७ च्या आपल्या विमान नियमावलीतील तेराव्या नियमाने विमानतळावरच्या आणि विमानातूनच्या छायाचित्रणाला परवानगीची अट घातली. २००१ साली ग्रीसमध्ये कालामाता इथे ब्रिटिश आणि डच छांदिष्टांना हेर समजून पकडले. पुढच्या वर्षी आधी शिक्षा झाली आणि मग अपिलात सुटका. २०१० साली दिल्लीत दोघा ब्रिटिशांवर तशीच पाळी आली. संशय घेणाऱ्यांची बाजू आम्हांला कळते. मात्र एक गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटते. रोज त्याच जागी उभा राहून त्याच गोष्टीकडे पाहणारा माणूस हा त्या जागेचा सर्वांत स्वस्त पहारेकरीही असतो. कुंपण कुठे फाटले, कुत्री कुठून शिरतात, गिधाडे गेली आणि घारी किती वाढल्या, टोकाशी नवी वस्ती कधी उठली, हे त्याला कोणी न विचारता ठाऊक होत जाते.

आज धावपट्टी ९३०० फुटांची आहे. विमाने नवी, इंजिने बळकट. आमच्या वहीत २०१९ च्या एप्रिलनंतर जेट एअरवेजचे नाव पुन्हा आले नाही; २०२० च्या मार्चअखेरपासून मेअखेरपर्यंत तर प्रवासी विमानांच्या नोंदीच नाहीत, कारण देशभरची उड्डाणेच थांबली होती. शहराचे नावही बदलले. वहीतल्या जुन्या पानांवर औरंगाबाद आहे, नव्या पानांवर छत्रपती संभाजीनगर. या नोंदींचा कोणाला उपयोग होईल असे आम्हांला वाटत नाही. पण आमच्यापुरता एक नियम आम्ही पाळतो. चित्र घेताना कॅमेरा थोडा खाली धरायचा. खालच्या कडेला रस्ता येऊ द्यायचा, त्यावरचा ट्रक येऊ द्यायचा, शेतात वाकलेली बाई येऊ द्यायची. चित्र बिघडते, आणि आमच्यातला एकजण दर वेळी तशी तक्रारही करतो. तरीही विमान किती उंच गेले याचे माप जमिनीवरचे माणूस त्याच चित्रात असल्याखेरीज कळत नाही, असे आम्हांला वाटते.