परतीची वाट राखून

कन्सोल मॉड करून, म्हणजे कंपनीने घातलेलं कुलूप काढून घेऊ पाहणाऱ्याला बहुतेक वेळा दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: काम होईल का आणि खर्च किती येईल. दोन्हींची उत्तरं सोपी आहेत. गेल्या तीस वर्षांतल्या बहुतेक गाजलेल्या कन्सोलचं कुलूप कुणी ना कुणी उघडलेलं आहे, आणि चिपची किंमत कन्सोलच्या किमतीपुढे किरकोळ असते. ज्यावर सगळं अवलंबून असतं तो तिसरा प्रश्न मात्र मागेच राहतो. केलेला बदल काढून यंत्र पुन्हा पूर्वीसारखं करता येईल का? हे काम करणाऱ्याने स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारावा, असं माझं मत आहे. बदल जितका सहज मागे घेता येईल तितकी जोखीम कमी. आणि ज्या यंत्राचा कंपनीच्या सर्व्हरशी अजून रोजचा व्यवहार चालू आहे, तिथून मागे फिरणं जवळजवळ अशक्य.

मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स पाहा. 2001 साली आलेलं हे यंत्र आतून जवळजवळ पीसीच होतं: 733 मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, 64 एमबी मेमरी आणि हार्ड डिस्क. 2002 मध्ये अँड्र्यू ‘बनी’ हुआंग यांनी मदरबोर्डवरच्या चिप्समध्ये धावणारा डेटा टिपून त्याची गुप्त की शोधली. पुढे तर चिप सोल्डर करण्याचीही गरज उरली नाही. ‘मेकअसॉल्ट’सारख्या गेमच्या सेव्ह फाइलमध्ये सापडलेल्या फटीतून नुसत्या सॉफ्टवेअरने काम होऊ लागलं. हौशी प्रोग्रामरांनी याच यंत्रासाठी लिहिलेला मीडिया प्लेअर आज ‘कोडी’ या नावाने जगभर वापरला जातो. पण कारागिराची परीक्षा होते ती दुसरीकडेच. एक्सबॉक्सची हार्ड डिस्क पासवर्डने बंद असते आणि तो उघडणारी की मदरबोर्डवरच्या अवघ्या 256 बाइटच्या ईईप्रॉममध्ये असते. त्याची प्रत आधी काढून ठेवली तर डिस्क गेली तरी नवी बसवता येते. प्रत न काढता हात घातला आणि ईईप्रॉम बिघडला, तर धडधाकट डिस्कही कुलूपबंद राहते. यंत्र तेच आणि पद्धतही तीच, तरी एकाचं काम सुरक्षित ठरतं आणि दुसऱ्याचं जुगार, ते या छोट्याशा बॅकअपमुळे.

जुन्या यंत्राला मुळीच हात लावू नये असं मानणाऱ्यांनीही याच मदरबोर्डकडे पाहावं. शेवटच्या आवृत्त्या सोडल्या तर प्रत्येक एक्सबॉक्समध्ये घड्याळासाठी एक कपॅसिटर आहे. प्लग काढल्यावर काही तास वेळ लक्षात ठेवणं एवढंच त्याचं काम. वर्षं लोटली की तो गळतो आणि त्यातला द्रव शेजारचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकतो. तो काढून टाकला तरी यंत्र नीट चालतं. प्लग काढल्यावर तारीख-वेळ पुन्हा लावावी लागते, इतकंच. म्हणजे इथे न उघडण्यातच धोका जास्त आहे. मूळ स्वरूप जपायचं म्हणून यंत्र कुजू देण्याला जतन म्हणता येणार नाही. शिवाय या कन्सोलची एक्सबॉक्स लाइव्ह सेवा 15 एप्रिल 2010 रोजीच बंद झाली, त्यामुळे बंदी घालून काढून घ्यावं असं कंपनीच्या हातात काहीही उरलेलं नाही.

प्लेस्टेशन 2 याहून नेटकं उदाहरण आहे. त्यात मॉडचिप बसवायची तर अनेक मॉडेलांत वीसच्या आसपास बारीक तारा मदरबोर्डवर जोडाव्या लागत. 2008 मध्ये ‘फ्री एमसी बूट’ आलं आणि तेच काम मेमरी कार्डावरून होऊ लागलं. कार्ड काढलं की यंत्र कारखान्यातून आलं तसं. सर्वांत शेवटच्या स्लिम मॉडेलांत सोनीने ही वाट बंद केली, बाकी यंत्रांवर ती आजही चालते. यंत्रातली लेझर जुनी झाली की डिस्क वाचताना अडखळते. स्वतःच्या मालकीच्या गेमची प्रत हार्ड डिस्कवरून चालवली तर तिचं आयुष्य वाढतं.

2017चा निन्टेन्डो स्विच या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्याच्या टेग्रा एक्स1 चिपच्या बूट रॉममधली चूक एप्रिल 2018 मध्ये जाहीर झाली. बूट रॉम चिप बनतानाच कायमचा ठरतो, म्हणून विकल्या गेलेल्या यंत्रांतली ती चूक कोणत्याही अपडेटने दुरुस्त होणार नव्हती. उजवा जॉयकॉन कंट्रोलर बसतो त्या खाचेतली एक पिन शॉर्ट करायची, यूएसबीवरून कोड पाठवायचा आणि सिस्टिमची नक्कल मेमरी कार्डावर चालवायची. आतली मूळ सिस्टिम अस्पर्श राहते. कागदावर हा बदल पूर्णपणे मागे घेता येतो. पण निन्टेन्डोचा सर्व्हर प्रत्येक यंत्र त्याच्या स्वतंत्र प्रमाणपत्रावरून ओळखतो. बंदी येते ती यंत्रावर, आणि मूळ सिस्टिम परत टाकून ती उठत नाही. मे 2025 मध्ये तर कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या करारात, नियम मोडल्यास यंत्र अंशतः वा पूर्णपणे कायमचं निरुपयोगी करण्याचा अधिकार लिहून घेतला. पुढच्याच महिन्यात स्विच 2 आला आणि गेमच्या प्रती चालवणारं फ्लॅश कार्ट्रिज वापरणाऱ्या यंत्रांवर लगेच ऑनलाइन बंदी येऊ लागली. असं यंत्र मालकाने गुपचूप विकलं तर शिक्षा भोगतं ते नवं गिऱ्हाईक.

सोल्डरिंगचा धोका याहून साधा, पण तितकाच पक्का. 2018च्या मध्यानंतरच्या स्विचमध्ये बूट रॉमची ती चूक नाही, म्हणून प्रोसेसरचा व्होल्टेज क्षणभर पाडून तपासणी चुकवणारी चिप बसवावी लागते. तिच्या तारा जोडायच्या त्या मोहरीच्या दाण्याहून लहान कपॅसिटरवर. कारखान्यातलं शिसेविरहित सोल्डर सुमारे 217 अंश सेल्सिअसला वितळतं, तर शिसंयुक्त सोल्डर 183 अंशांना. त्यात मदरबोर्डचे तांब्याचे थर उष्णता ओढून घेतात, म्हणून शिकाऊ माणूस आयर्न जास्त वेळ टेकवून धरतो आणि पॅड उपटून निघतो. तो पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. अमेरिकेतून आलेल्या पहिल्या एक्सबॉक्सची पॉवर सप्लाय तिथल्या 120 व्होल्टसाठी असते. ती थेट आपल्या 230 व्होल्टवर लावली की जळते. आणि चालू पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर आपल्याकडे सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेला असतो, प्लग काढल्यावरही काही वेळ. इथली चूक यंत्रापुरती राहत नाही.

यावर पहिला आक्षेप मालकीचा: वस्तू मी विकत घेतली, तिचं काय करायचं ते मी ठरवेन. हे मला मान्य आहे. मागे न घेता येणारे बदल कंपन्याही करतात, हेही लक्षात ठेवायला हवं. प्लेस्टेशन 3वर लिनक्स चालवण्याची सोय सोनीने स्वतः जाहिरात करून दिली होती; 1 एप्रिल 2010च्या 3.21 अपडेटने ती काढून घेतली. अपडेट नाकारणाऱ्याला प्लेस्टेशन नेटवर्क सोडावं लागलं. पण यंत्राची मालकी आपली असली तरी सर्व्हर आपला नसतो, आणि बंदी सर्व्हरवर येते. दुसरा आक्षेप कायद्याचा, की मॉडिंग म्हणजे चोरीच. अमेरिकेचा 1998चा कायदा कुलूप तोडणंच निषिद्ध मानतो आणि मग अपवाद सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली आलेलं कलम 65-अ हेतू पाहतं: हक्कभंगाच्या इराद्याने संरक्षण मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याला मान्य कारणासाठी संरक्षण मोडायला दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि बाकी तपशिलाची नोंद ठेवावी, असंही ते सांगतं. म्हणजे स्वतःच्या यंत्राची दुरुस्ती आणि गेमच्या नकला भरून विकणं यांत कायद्याच्या दृष्टीनेही अंतर आहे. मॉडिंगचा धंदा करणाऱ्या टीम झेक्यूटर टोळीतल्या एकाला 2022 मध्ये अमेरिकेत 40 महिन्यांची शिक्षा झाली, ती धंद्यासाठी.

तिसरा आक्षेप खास आपल्याकडचा. आयात केलेल्या यंत्राला इथे वॉरंटीच नाही, मग गमावण्यासारखं आहे काय? मला यातून उलट निष्कर्ष दिसतो. वॉरंटी नाही म्हणजे चुकीनंतर जायला सर्व्हिस सेंटर नाही. परतीची वाट आपली आपणच बांधायला हवी. चौथा आक्षेप मात्र सर्वांत जड आहे: जुने गेम खेळण्यासाठी साध्या पीसीवर इम्युलेटर असताना हा खटाटोप कशाला? ज्याला नुसतं खेळायचं आहे त्याच्यापुरतं हे पूर्ण खरं आहे, आणि त्याने कन्सोल उघडूच नये. ज्याला ते यंत्रच चालतं ठेवायचं आहे, त्याच्यासाठी हे काम आहे.

तेव्हा कंपनीने सोडून दिलेलं यंत्र जरूर उघडा. जे अजून ऑनलाइन चालतं, त्याला हात लावू नका. उघडण्याआधी की आणि सिस्टिमचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवा, आणि सोल्डरिंग आधी भंगारातल्या बोर्डवर शिका. आणि मॉड केलेला कन्सोल विकाल तेव्हा घेणाऱ्याला ते स्पष्ट सांगा.