तळहाताचं तापमान

गेल्या मे महिन्यात, पहाटे सव्वापाचच्या सुमारास, माझा उजवा तळहात खोटं बोलला. मी आमच्या नागपूरच्या घरामागच्या कंपाउंडात एका ओळखीच्या माणसाच्या गाडीखाली उताणा पडलो होतो. इंजिन चालू होतं. गिअरबॉक्सच्या चेंबरला हात लावून मी नेहमीच्या थाटात जाहीर केलं, "बेचाळीस. उघडतो."

वरून, ड्रायव्हरच्या सीटवरून आवाज आला, "काकाजी, इथे तर पंचावन्न दाखवतंय."

आवाज पलीकडच्या गल्लीतल्या पोट्टीचा. ती आयटीआयला मोटर मेकॅनिकचा कोर्स करते आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे येते. त्या दिवशी तिने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये आगपेटीएवढा एक डबा खोचला होता, आणि गिअरबॉक्सच्या आतल्या सेन्सरचा आकडा तिच्या फोनवर उमटत होता. मी म्हणालो, तो आतल्या तेलाचा आकडा आहे, बाहेरचा पत्रा त्याहून थंडच असतो. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "मग इतकी वर्षं तुम्ही पत्र्याचंच तापमान मोजत होता का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

भरायचा नट आधी सैल करून बघावा आणि मगच खालचा खोलावा, वायसर नवा घालावा, इंजिन चालू असताना गाडीखाली जायचं तर चाकांना दगड लावावेत, या गोष्टी ज्याला सांगाव्या लागतात त्याने ऑटोमॅटिकच्या वाटेला जाऊच नये. मला बोलायचंय ते फक्त लेव्हलबद्दल. अकरा वर्षं मी या एकाच गोष्टीपाशी घुटमळतो आहे.

माझी नोकरी एसटीच्या हिंगणा वर्कशॉपमध्ये झाली. बसचा गिअरबॉक्स हा सरळमार्गी प्राणी. बाजूचा नट खोला, बोट घाला, बोटाला तेल लागलं की झालं. ऑटोमॅटिक माझ्या आयुष्यात आली ती डाव्या गुडघ्याच्या रस्त्याने. क्लच दाबवेना म्हणून निवृत्तीनंतर एक जुनी जपानी सिक्स-स्पीड घेतली आणि तिचं तेल बदलायला बसलो, तेव्हा कळलं की हिला डिपस्टिकच नाही. वैद्यासमोर रोगी बसवावा आणि नाडी काढून घ्यावी, तसला प्रकार.

डिपस्टिकच्या जागी काय, तर चेंबरच्या नटाच्या आत एक उभी नळी. तेल नळीच्या तोंडावर असेल तर ते वाहून खाली येतं, खाली असेल तर येत नाही. सहाची एलन की लावून नळी काढली की उरलेलं रिकामं होतं. नळी परत बसवायची, वरून थोडं जास्तच तेल भरायचं, इंजिन चालू करायचं, ब्रेक दाबून लिव्हर पी, आर, एन, डी असा सावकाश फिरवायचा, आणि तेल बरोबर तापलं की नट उघडून जास्तीचं वाहू द्यायचं. बरोबर म्हणजे किती? माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ४० ते ४५ अंश लिहिलं होतं.

ज्या कोणी हे लिहिलं त्याने नागपूरचा मे पाहिलेला नाही. सकाळी दहा वाजता आमचं कंपाउंड स्वतःच चाळीसला पोचतं. दुपारी नुसती उभी असलेली गाडी मॅन्युअलच्या खिडकीबाहेर गेलेली असते, चावी न लावता! म्हणून हे काम पहाटेचं. रात्रभर उभी राहिलेली गाडी पाच वाजता तीस-बत्तीसवर असते. इंजिन सुरू केलं की तेल चढू लागतं आणि ती पाच अंशांची खिडकी आपल्यासमोरून विनाथांबा गाडीसारखी निघून जाते. हात दाखवून थांबत नाही. चुकली तर उद्या पहाटे.

आणि खिडकी सापडली तरी खरी गोची पुढेच आहे. नट खोलला की आधी धार येते. मग धारेचा दोरा होतो, मग दोरा तुटून मणी पडू लागतात. पुस्तक म्हणतं, ठिबकायला लागलं की नट लावा. पण इंजिन चालू आहे, तेल तापतंय, तापतंय म्हणून फुगतंय, आणि फुगतंय म्हणून नळीच्या तोंडावरून ठिबकतच राहणार. तुम्ही तासभर पडून राहा, ते थेंब थांबायचे नाहीत. 'आता पुरे' हे तेल कधीच म्हणत नाही, ते आपण म्हणायचं असतं. तिसऱ्या मण्याला लावायचा की दहाव्या? पहिली दोन-तीन वर्षं मी हे प्रत्येक वेळी वेगळ्या मण्याला केलं आणि रात्री झोपेत मणी मोजले. बायको म्हणाली, "माळ जपता का काय बाप्पा!"

गाडी सपाट हवी हा आणखी एक जाच. आमच्या कंपाउंडाला पावसाच्या पाण्यासाठी उतार दिलेला आहे. मी चारही चाकांखाली सागवानी ठोकळे घालतो आणि गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुढून मागे, डावीकडून उजवीकडे फिरवून लेव्हल पाहतो. त्यात अर्धा तास जातो. लोक हसतात. हसोत.

इतका काटेकोर माणूस, पण थर्मामीटर घेतला नाही. याचं कारण निव्वळ गर्व. सुरुवातीला एकदा एका गॅरेजवाल्याकडचं स्कॅनर मागून आणलं होतं, तेव्हा हाताने सांगितलेला आकडा आणि स्कॅनरचा आकडा तीनदा जुळला. तीनदाच. तेवढ्यावर मी स्वतःला तळहाताने तापमान सांगणारा म्हणून घोषित करून टाकलं. ओळखीच्यांच्या गाड्या येऊ लागल्या, चाळीसेक तरी केल्या असतील. पैसे घेत नसे. पण मी डोळे मिटून चेंबरवर हात ठेवताना बघायला कोणी उभं असलं की डोळे जरा जास्त वेळ मिटत असे. माझ्या डायरीत प्रत्येक गाडीपुढे तारीख, किलोमीटर, काढलेलं तेल, घातलेलं तेल आणि शेवटी 'हात : ४२', 'हात : ४३' अशी नोंद आहे. हात कधी ३९ किंवा ४७ लिहिलेला नाही. हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

त्या सकाळनंतर मी स्वयंपाकघरात परीक्षा दिली. बायकोने चार पातेल्यांत वेगवेगळं गरम पाणी घेतलं आणि दुधाचा थर्मामीटर स्वतःकडे ठेवला. चारपैकी एकही बरोबर आलं नाही. अडतीस आणि पन्नास मला सारखंच वाटलं. ती हसली नाही, आणि तेच जास्त लागलं. म्हणाली, हिवाळ्यात आंघोळीचं कढत पाणी तुम्ही 'कोमट आहे' म्हणून ओतून घेता, मी तेव्हाच म्हटलं होतं. डॉक्टरांनी नायलॉनचा धागा पायाला टोचून पाहिला, मग बोटांच्या टोकांना. साखर जुनी असली की आधी पाय बधिर होतात, मग हात, जणू मोजे आणि हातमोजे चढवल्यासारखे. म्हणजे डायरीतल्या शेवटच्या काही वर्षांच्या नोंदी हातमोजा घालून घेतलेल्या. कोणत्या वर्षापासून, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत.

मग मी हिशोबाला बसलो. एक लिटर तेल ५० अंशांनी तापलं तर पस्तीस-चाळीस मिलीने फुगतं. माझ्या गिअरबॉक्समध्ये सगळं मिळून साडेसहा लिटर. म्हणजे एका अंशाला सुमारे पाच मिली, चहाचा एक चमचा. कंपनीची ती पाच अंशांची खिडकी म्हणजे पाच चमचे. मी त्रेचाळीसच्या जागी पंचावन्नला नट लावला असता तर तेल कमी पडलं असतं बारा चमचे, टपरीवरचा एक कप चहा. एवढ्याने गिअरबॉक्स मरत नाही. गाडी पूर्ण तापलेली, ऐंशी-नव्वदवर असताना लेव्हल लावली तर पाव लिटरच्या आसपास फरक पडेल, ते वेगळं.

हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. ज्यांच्या गाड्या केल्या त्यांचं काही बिघडलेलं नाही. पण मला वाईट वाटलं, आणि चुकल्याचं नाही वाटलं. ज्या कसबावर मी अकरा वर्षं मिशीला पीळ दिला त्याची किंमत चमच्यांत निघाली, याचं वाटलं.

गावात आता मशीनवाले आलेत. कूलरच्या पाइपला मशीन जोडतात, एका बाजूने जुनं काढतात, दुसऱ्या बाजूने नवं घालतात, तासात मोकळे. त्यांना मी बरीच वर्षं नावं ठेवली. माझ्या पद्धतीत एका वेळी अडीच-पावणेतीन लिटरच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये दडून बसतं. एकदा केलं तर चाळीस टक्के नवं, आठवडाभराने पुन्हा केलं तर चौसष्ट, तिसऱ्यांदा अठ्ठ्याहत्तर. ताकात दूध ओतत राहण्यासारखंच हे, ताक संपत नाही. मशीन नीट चालवली तर याहून चांगलं काम होतं, हे मला माहीत आहे. माझा राग त्यांच्या एसी बसवलेल्या वेटिंग रूमवर आहे.

'लाइफटाइम ऑइल' म्हणणाऱ्यांवरचा राग मात्र खरा आहे. आमच्या वाचनालयाचा मी आजीव सभासद होतो. वाचनालय बंद पडलं, मी अजून आहे. या तेलाकडून आपण उलटसुलट मागण्या करतो. क्लच प्लेटी घट्ट धरल्या पाहिजेत, पण धरताना झटका बसता कामा नये. हे जमवायला अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या तेलात चक्क स्पर्म व्हेलचं तेल घालत. व्हेलला संरक्षण मिळाल्यावर रसायनवाल्यांना पर्याय शोधावा लागला. इतकं नाजूक मिश्रण आमच्या उन्हात, सिग्नलला, एसी लावून जन्मभर टिकेल? आणि दीड लाख किलोमीटर हात न लावता ती गाडी माझ्याकडे आणतात. तेल काढलं की करपलेल्या फोडणीसारखा वास, चुंबकावर काजळाच्या जागी किस. बदलल्यावर आठवड्यात स्लिप मारायला लागली तर नवीन तेलाने मारली म्हणतात. प्लेटी आधीच गेलेल्या असतात. दोष शेवटच्या हाताला.

हाताचा आणखी एक हिशोब राहिला. तापमान फोन सांगेल, पण नट बसवताना पहिला आटा बोटांना कळावा लागतो. आधी उलटा फिरवायचा, आटा आपल्या जागी टक् करून उतरला की मग सुलटा. तो टक् आता माझ्या बोटांना ऐकू येत नाही. जूनमध्ये एकदा वाकडा चढवला, आटे जाता जाता वाचले. तेव्हापासून गाडीखाली ती पोट्टी जाते. मी ड्रायव्हरच्या सीटवर, जिथे आधी बायको बसून लिव्हर फिरवायची.

डिसेंबरात आम्ही माझीच गाडी केली. पहाटे थंडी होती, तेल सावकाश चढत होतं, खिडकी चांगली लांब मिळाली. फोन माझ्या मांडीवर होता. खालून ती ओरडली, "दोरा तुटला काकाजी, लावू?" मी म्हणालो, मणी मोज. ती म्हणाली, "कितवा?" मी सातवा म्हणून सांगितलं. सातवाच का, हे तिने विचारलं नाही, बरं झालं.

काम झाल्यावर ती हात धुवायला गेली. मी इंजिन बंद केलं, उतरलो, गुडघा धरत खाली वाकलो आणि चेंबरला तळहात लावला. डोळे मिटले. बायको मागच्या दारात चहा घेऊन उभी होती. मी म्हणालो, "चव्वेचाळीस." तिने आत हात घालून सीटवरचा फोन उचलला, पाहिला आणि म्हणाली, "हो की हो! बरोबर."

डायरीत लिहिलं, 'हात : ४४'. उतरण्याआधी फोनवर नजर टाकली होती, ते लिहिलं नाही.