सुकाणूवाचून

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून ‘बीओ मोटर’ या नावाने ज्या पिवळ्या गिअर मोटारी मिळतात, त्यांपैकी दोन, त्यांना साजेशी दोन चाके, आधाराला एक कॅस्टर आणि हा सारा भार पेलणारी ॲक्रिलिकची पट्टी, एवढ्या सामग्रीवर जो लहानसा यंत्रमानव सिद्ध होतो, त्याच्या रचनेत मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट ही, की त्याला सुकाणू नाही. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने जी नौका बिनतारी हुकमतीखाली चालवून दाखवली, तिला ते होते. येथे मात्र, कासरा ओढताच आतला बैल मंदावतो आणि गाडी त्या अंगाला वळते, तशी दिशा केवळ दोन वेगांच्या अंतरातून उत्पन्न होते. आणि एक चाक पुढे व दुसरे मागे फिरले, तर यंत्र जागच्या जागी प्रदक्षिणा घालते.

मोटार उलट फिरवायची म्हणजे तिच्यातला प्रवाह उलटवायचा. परंतु धावत्या यंत्राच्या तारा कोण उपटणार? म्हणून चार विद्युत्कळांच्या सेतूची अशी तजवीज असते, की कर्णावरच्या दोन मिटल्या म्हणजे प्रवाह एका दिशेने आणि उरलेल्या दोन मिटल्या म्हणजे विरुद्ध दिशेने वाहावा. एल२९८एन या फळीवर असे दोन सेतू असतात. मोबाईलचा हुकूम ब्लूटूथने आर्डुइनो या सूक्ष्मनियंत्रकाकडे येतो; पण आर्डुइनोच्या टोकातून मोटार फिरण्याजोगा प्रवाह निघत नाही, तेव्हा आज्ञा त्याची आणि बळ बॅटरीचे, असा हा दुहेरी कारभार चालतो. त्यात दोन्हींची ऋण टोके एकत्र जोडणे अगत्याचे; कारण विद्युत्दाब नेहमी कशाच्या तरी तुलनेनेच मोजला जातो, आणि तो समाईक तळ नसला तर हुकूम फळीपर्यंत पोचूनही त्याचा अर्थ लागत नाही.

एकाच साच्यातून निघालेल्या दोन मोटारी तंतोतंत सारख्या वेगाने फिरत नाहीत. म्हणून ज्या अंतरामुळे यंत्र वळते, तेच अंतर त्याला फरशीच्या सरळ रेघेवरून हळूहळू ढळवते. छिद्रांची चकती व प्रकाशसंवेदक बसवून चाकांचे फेरे मोजता येतात आणि हे ढळणे यंत्राकडूनच दुरुस्त करवता येते. तरीही पहिल्या यंत्रावर ही सोय करू नये, असे माझे ठाम मत आहे. रेघेकडे पाहणारी दृष्टी आणि मोबाईलवरचा अंगठा यांच्यात जो मेळ बसतो, त्यानेच ते बनवणाऱ्या मुलाला आपल्या दोन मोटारींचा स्वभाव कळतो. चकती मागाहून बसवता येते.