अब्बांची खुर्ची

घरात सबवूफर आणला तो अब्बांसाठी, असं आम्ही नवरा-बायको सगळ्यांना सांगत होतो. त्यांच्या कव्वालीच्या जुन्या कॅसेटी आम्ही संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. उतारवयात कानाला आधी बारीक, उंच आवाज सोडून जातात. स, श, फ यांतला फरक कळेनासा होतो. खर्ज त्या मानाने टिकतो. कव्वालाचे बोल निसटले तरी ढोलकची थाप त्यांना मिळावी, एवढीच इच्छा.

आमची बैठकीची खोली १२ बाय ८ फुटांची. पायात येऊ नये म्हणून सबवूफर कोपऱ्यात ठेवला. सुरू करताच शोकेसमधल्या कपबश्या किणकिणू लागल्या आणि भिंतीलगतच्या सोफ्यावर नुसता घुमारा. यंत्रात खोलीप्रमाणे आवाज दुरुस्त करण्याची सोय होती. सोबतचा माईक सोफ्यावर कानाच्या उंचीला धरून बटण दाबलं. यंत्राने खालून वर चढत जाणारा एक लांब सूर काढला, माईकमधून तो स्वतःच ऐकला आणि जिथे फुगत होता तिथे कापला. घुमारा गेला, थाप सुटी-सुटी ऐकू येऊ लागली. आम्ही खूश.

अब्बा खोलीच्या मधोमध, पंख्याखाली आपल्या खुर्चीत बसले होते. म्हणाले, "बेटा, ढोलकवाला उठ के चला गया क्या?"

आम्ही हसलो. कान आणखी गेले म्हणायचे! डॉक्टरकडे न्यायचंही ठरलं. आवाज वाढवला, तरी तेच. मग एका रात्री ते झोपल्यावर आम्ही त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. थाप खरंच नव्हती.

दोष खोलीचा होता. ८ फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ७० हर्ट्झचा सूर अडकून राहतो. भिंतीपाशी तो फुगतो, मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. यंत्राने माईक होता तिथली, म्हणजे आमची तक्रार ऐकली आणि तोच सूर कमी केला. अब्बांकडे मुळात थोडंसं पोचत होतं, त्यातूनही कापलं. पुढच्या बाकावरच्या मुलाला विचारून सगळ्या वर्गाला समजलं म्हणावं, तसं. आणि हे आम्ही, शिकवून पोट भरणारे!

माईक अब्बांच्या खुर्चीवर नेला. यंत्राने तिथे तो सूर वाढवायला घेतला. सबवूफर धापा टाकू लागला, सोफ्यावर पुन्हा घुमारा, खुर्चीत मात्र फारसा फरक नाही. फुगवटा यंत्र कापू शकतं. असा खड्डा त्याला भरता येत नाही. टॉड वेल्टी यांनी २००२ साली दाखवलं होतं, की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवले तर खोलीभर आवाज बराच सारखा होतो. आमच्याकडे एकालाच जागा नव्हती.

राहिली खुर्ची. ती २ फूट भिंतीकडे सरकवली, की थाप परत येत होती. पण तिथे पंख्याचा वारा लागत नाही, आणि अब्बा जागा सोडणाऱ्यांतले नाहीत. शेवटी टेबलफॅन आणला. दोन्ही जागी माईक ठेवून, दोन्हींची सरासरी घेऊन यंत्राला पुन्हा ऐकवलं. सोफ्यावर थोडा घुमारा उरला. राहू दिला.

त्या संध्याकाळी अब्बांचं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरून चाललं होतं. दोन कव्वाल्या झाल्या. मग म्हणाले, "जरा कम करो बेटा, पडोसी सो गए होंगे."