तबकडीखालचे आसन

घरी फोनो आहे असे कळले की पाहुणे त्याच्या सुईची चौकशी करतात, तबकड्या किती ते विचारतात, कुणी पेटीतला आवाज किती मोठा होतो तेही करून पाहतो. पण त्या फिरत्या ताटावर काय अंथरले आहे, हे आजवर मला एकाही पाहुण्याने विचारलेले नाही. खरे सांगायचे तर मीही ते स्वतःला कधी विचारले नव्हते. गेल्या आश्विनात मात्र विचारावे लागले.

आमच्या मालवणच्या खाऱ्या हवेला काहीही वर्ज्य नाही. ती लोखंड खाते, पितळ हिरवे करते, आणि सवड मिळाली की रबराकडे वळते. वडिलांनी आणलेल्या फोनोवरचे रबरी आसन तिने असे काही चिवट केले की तबकडी उचलताना ते तिच्याबरोबरच वर आले आणि पाठीमागे काळे डाग ठेवून गेले. तबकडीही साधीसुधी नव्हे. भीमसेनांच्या अभंगांची ती लाँगप्ले! चावदिसाच्या पहाटे अंगणात कारीट फोडून झाले की पानात पोहे पडेपर्यंत ती लागायचीच. वडील गेले त्या वर्षीही आईनेच ती लावायला सांगितली होती. आता आईने ऐंशी ओलांडली आहे, आणि चावदिसाला तीन आठवडे उरले होते.

वाटते तेवढे हे आसन निरुद्योगी नसते. ताट धातूचे; टिचकी मारली तर घंटेसारखे वाजते. खाली मोटरची घरघर. सुई बिचारी हलेल ते सगळे गाणेच समजते, म्हणून ती थरथर मध्येच कुणीतरी पोटात घालावी लागते.

मुंबईच्या भाच्याने तत्परतेने नमद्याचे आसन पाठवले. कोरड्या हवेत नमदा स्थिर विजेमुळे तबकडीला बिलगतो, अशी त्याची तक्रार होती. आमच्याकडे परतीच्या पावसात वीज साठेल कुठली? पण आठ दिवसांत नमद्यावर पांढरी बुरशी उगवली. तो उन्हात टाकला, तो तिथेच राहिला.

त्या दिवसांत मला सारख्या केसरबाई आठवत. पलीकडच्या गोव्यातल्या या बाईंचे गाणे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेले. तबकडी तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. सोबत सुई दिली, कशी वाजवायची त्याच्या खुणाही कोरल्या. पण खाली काय अंथरायचे याबद्दल अवाक्षर नाही. तिकडच्या श्रोत्यांच्या घरी तरी कोरडी हवा असो.

शेवटी मी बंदरावर गेलो. ट्रॉलरची इंजिने दुरुस्त करणाऱ्या मुलाकडे गास्केटसाठी बुचाचा पत्रा असतो, जाड रबराचाही असतो.

“काकानू, गाणां वाजवक गास्केट कित्याक?” तो म्हणाला. पण कापून मात्र त्याने सुरेख दिले. मधोमध मी दहा सेंटिमीटरची चकती काढायला लावली. तबकडी लेबलापाशी फुगीर असते. तो फुगवटा त्या खळग्यात बसला की खोबणींचा भाग आसनावर नीट टेकतो.

पहिली पाळी बुचाची. दोन मिलिमीटर जाडीचे ते आसन मला एकदम पसंत पडले. टाळ असे स्वच्छ ऐकू आले की माणूस उंबरठ्यावर उभा राहून वाजवतो आहे! मी विजयी मुद्रेने आईकडे पाहिले. ती कानामागे हात धरून बसली होती.

“अरे, पखवाज खंय गेलो?” तिने विचारले.

मी खिडक्या लावल्या, आवाज वाढवला. तिचा प्रश्न तोच. मग उशिरा माझ्या ध्यानात आले, की म्हातारपण कानातले उंच सूर आधी नेते. ज्या टाळांवर मी खूश होतो ते तिच्यापर्यंत पोचतच नव्हते. तिच्या वाट्याला उरला होता तो पखवाज, आणि बुचाने नेमका त्यालाच बारीक केले होते.

रबर घातले. ते पाच मिलिमीटरचे. टाळ माझ्या दृष्टीने जरा मळले. पण घुमारा भरून आला.

“आता इलो,” आई म्हणाली.

ही किमया रबराची की जाडीची, हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आसन जाड झाले की तबकडी वर येते, सुईच्या दांड्याची शेपटी त्या मानाने खाली राहते, आणि आवाज जडावतो असे जाणकार म्हणतात. दांडा वर-खाली करण्याची सोय आमच्या फोनोला नाही. शिवाय फोनो बाकावरून उचलून जांभ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्यावर जी घरघर थांबली, ती दोन्ही आसनांना मिळून थांबवता आली नव्हती. पण हे मी आईला सांगितले नाही. बंदरावरच्या मुलाला तर मुळीच नाही.

चावदिसाला पहाटे कारीट फुटले. पोहे पाच तऱ्हेचे झाले. गूळपोह्यांचे तापलेले पातेले ठेवायला हिने बुचाचे आसन घेतले, ते मी मुकाट्याने पाहिले. मधल्या खळग्यात पातेल्याचे बूड फार छान बसत होते. कोनाड्यात रबरावर तबकडी फिरू लागली. आई पोह्यांचे पान पुढ्यात तसेच ठेवून गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून बसली होती, आणि पान निवते म्हणून हाक मारलेली तिला ऐकू आली नाही.