चालते, चालत नाही

भाद्रपदात महालक्ष्म्या येण्याच्या पंधरा दिवस आधी आमच्या भिवापूरच्या घरी एक फेरिस्त तयार होते. पूर्वी तिच्यात शिध्याचा तपशील असे: हरभऱ्याची डाळ किती पायल्या, गूळ किती भेल्या, तूप किती, केळीची पाने किती, सोळा भाज्या कोणत्या, आणि माणसांची मोजदाद शेवटी एका आकड्यात उरकली जाई. अलीकडे हा क्रम उलटला आहे. माणसांची नावे आधी येतात आणि प्रत्येक नावापुढे एखाद्या ओळीची कैफियत असते. ‘गहू बंद.’ ‘फल्लीदाणा मुळीच नाही, तेलसुद्धा नाही.’ ‘गोड बेताने.’ ‘दूध नको, ताक चालते.’ ‘चातुर्मास, कांदा, लसूण, वांगे वर्ज्य.’ ही याद माझी सून लिहिते, माझी ब्याऐंशी वर्षांची आई ती मोठ्याने वाचून घेते, आणि प्रत्येक कैफियतीवर थोडा विचार करून ‘बरं’ म्हणते.

‘चालते’ आणि ‘चालत नाही’ ही आपल्या स्वयंपाकघरातील दोन क्रियापदे मला फार अर्थपूर्ण वाटत आली आहेत, कारण ती कारण सांगत नाहीत. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी उरकून चार महिने कांद्याकडे पाठ फिरवणारी काकू, गळ्यात तुळशीची माळ पडल्यापासून घरातील मटणाच्या वाराला शेजारच्या घरी जेवायला जाणारे काका, एकादशीचा साबुदाणा वेगळ्या पातेल्यात भिजवणारी आत्या, या सर्वांनी ‘मला चालत नाही’ एवढेच म्हणावे आणि घराने निमूटपणे वेगळी तजवीज करावी, असा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता होता. ज्यापासून साबुदाणा होतो तो कंद, बटाटा आणि हिरवी मिरची ही तिन्ही अमेरिका खंडातून आपल्याकडे आली, तेव्हा प्राचीन शास्त्रकारांनी त्यांना उपवासास मान्यता दिली असण्याचा संभव नाही, असे बोलण्याची धिटाई मी एकदा आत्यापुढे केली. तिने खिचडीचे ताट माझ्यापुढून उचलले, इतकेच.

व्रताला याप्रमाणे कोणी पुरावा मागत नसे; देहाला मात्र जाबजबाब द्यावे लागत. पन्नासएक वर्षांपूर्वी, नागपूर-नागभीड मार्गावरील अरुंद रुळांच्या गाडीने पाहुणे येत आणि तिच्या वेळेवर आमच्या पंगतीची वेळ ठरे त्या दिवसांत, माझा एक मावसभाऊ दाण्याच्या चटणीला हात लावीत नसे. ‘घशात खाजते’ असे तो म्हणे. वाढणाऱ्या मंडळींना तो नखरा वाटला. आग्रह हा त्या काळी यजमानाचा हक्क होता आणि नकार ही पाहुण्याची रीत होती, त्यामुळे खरा नकार आणि रीतीचा नकार यांतील भेद ओळखण्याची सोयच पंगतीत उरली नव्हती. कोणी तरी लाडाने, सर्वांच्या हशात, चटणी कालवलेला भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. थोड्याच वेळात त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास शिटीसारखा वाजू लागला. मिळेल त्या वाहनाने त्याला उमरेडला नेले आणि तो वाचला. परत आल्यावर त्याच्याकडे कोणी पाहीना, आणि त्या चटणीचा विषय आमच्या घरात पुढे कित्येक वर्षे कोणी काढला नाही. आग्रह करणाऱ्यांत मीही होतो, हे येथे नमूद करून ठेवतो.

या विकाराला युरोपात तोवर नाव मिळून कित्येक वर्षे लोटली होती. व्हिएन्नाचे वैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 साली ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. शरीराची संरक्षणव्यवस्था एखाद्या निरुपद्रवी अन्नातील प्रथिनाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते, आणि त्या वेळी प्रमाणाचा हिशेब फारसा राहत नाही, चिमूटही पुरते. दूध न पचणे ही गोष्ट मात्र वेगळी. तेथे दुधातील साखर पचवणारा रस अपुरा पडतो, म्हणून विरजणाने ती साखर कमी झालेले ताक अनेकांना सोसते. ज्याला दुधाची खरी ॲलर्जी आहे त्याला तेच ताक अपाय करील. दोघेही आपल्यापुढे ‘दूध चालत नाही’ एवढेच बोलतात. म्हणून सून हल्ली पुढचा प्रश्न विचारते. पाहुण्याला असे विचारणे आईला प्रथम अशिष्ट वाटले होते.

गेल्या वर्षी खरी परीक्षा झाली ती माझ्या पुतणीच्या मुलीमुळे. तिला सीलिअ‍ॅक हा विकार आहे. गव्हातील ग्लूटेन पोटात गेले की आतड्याच्या अस्तराला इजा होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला असताना या विकाराची मुले सुधारल्याचे पाहून विलेम डिक या बालवैद्याचा गव्हावरील संशय दृढ झाला, ही हकीकत मी आईला सांगितली. तिने ती शांतपणे ऐकली आणि विचारले, ‘मग ज्वारी?’ ज्वारी चालते, असे समजताच तिची मुद्रा उजळली, कारण महालक्ष्म्यांची आंबील आमच्याकडे ज्वारीचीच. पुरण तर डाळ-गुळाचे. पोळी वगळून ते वाटीत घालावे आणि त्यावर हात न आखडता तूप सोडावे, यात वैदर्भीय माणसाला उणे ते काय वाटणार? प्रश्न पिठाचा होता. गावच्या गिरणीत गव्हावर ज्वारी पडते आणि पाळ्यांत राहिलेला गहू ज्वारीत उतरतो. तेव्हा मागच्या पडवीतले, पाटासारखे बसायला वापरले जाणारे जाते धुऊन-वाळवून पुन्हा मांडले गेले. मुलीसाठी नवी कढई आली, पुऱ्यांच्या तेलात तिचे काहीही तळायचे नाही असे ठरले, फल्लीतेलाचे पिंप कोठीत बंद झाले. बंदोबस्त पक्का झाला, अशा समाधानात आम्ही होतो.

नैवेद्याच्या सकाळी सून हिंगाची डबी घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. शुद्ध हिंग हा परदेशी झाडाचा उग्र चीक; तो तसाच वापरणे कठीण, म्हणून त्यात डिंक आणि पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळून विकतात, हे मला साठ वर्षांत ठाऊक नव्हते. डबीवर बारीक अक्षरांत तसे छापलेले होते. गहू, दूध, अंडी, मासे, भुईमूग, सोयाबीन आदी पदार्थांची अशी जाहीर नोंद 2020 च्या नियमांनी वेष्टनांवर सक्तीची केली आहे. परंतु पंगतीला वेष्टन नसते, तेथे वाढणाऱ्यालाच ते काम करावे लागते. वरणात हिंग पडलेला होता. आईने एक क्षण देवीकडे पाहिले, ते वरण इतरांसाठी बाजूला ठेवले आणि मुलीसाठी हळद-मिठाचे नवे लावले.

तिखटाला मात्र कोणी या यादीत घालू नये. पुण्याच्या एका स्नेह्यांनी गेल्या खेपेस ‘मला मिरचीची ॲलर्जी आहे’ असे कळवले, तेव्हा ज्या गावाची मिरची भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे त्या गावात हे वाक्य जरा अपमानास्पदच वाटले. हिवाळ्यात मिरची खुडण्याच्या सातऱ्यावर लाल मिरचीचे ढीग पसरले आणि देठ खुडणाऱ्या बाया बसल्या की वाटसरूही शिंकतो. ती ॲलर्जीच असेल असे नाही. चौकशीअंती कळले की स्नेह्यांना केवळ तिखट सोसत नव्हते. मिरचीचा जाळ बियांपेक्षा आतल्या पांढऱ्या शिरेत अधिक असतो आणि तो पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणून त्यांच्या पानात शिरा काढलेली मिरची आणि दह्याची वाटी ठेवली. दह्याची वाटी त्यांनी दोनदा मागून घेतली.

मावसभाऊ गेल्या वर्षी आला होता. पानावर बसण्यापूर्वी त्याने सवयीने चटणीकडे पाहिले. ‘तिळाची आहे,’ आई म्हणाली, ‘पाटा नवा आहे, आणि तेल करडईचं.’ तो जेवला. यंदाही आमंत्रणे गेली आहेत, आणि फल्लीतेलाचे पिंप कोठीत आहे.