हसरतांनी न सांगितलेलं नाव

नववीला उर्दूच्या तासाला आम्ही मौलाना हसरत मोहानी शिकवतो. गुलाम अलींनी गायलेली त्यांची गझल मुलांना ठाऊक असते (अम्मीच्या मोबाइलवर ऐकलेली!), संपादक हसरत मात्र ठाऊक नसतात.

१९०३ साली बी.ए. होताच त्यांनी अलीगढहून 'उर्दू-ए-मुअल्ला' हे मासिक काढलं. त्यात शायरी होती, तसं राजकारणही होतं. टिळकांना ते गुरू मानत. १९०८ मध्ये इंग्रजांच्या इजिप्तमधल्या धोरणावर टीका करणारा एक लेख त्यात निनावी छापून आला. लेखक कोण, म्हणून विचारणा झाली. हसरतांनी नाव सांगितलं नाही. जबाबदारी स्वतःवर घेतली. सक्तमजुरी झाली, तुरुंगात चक्की पिसावी लागली. त्याच वर्षी टिळकांनाही शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले.

हा भाग शिकवताना आमचा आवाज जरा खाली येतो. गेल्या वर्षी शाळेच्या भित्तिपत्रकात आठवीच्या एका मुलाने पाण्याच्या फुटक्या टाकीवर चार ओळी लिहिल्या होत्या. खाली नाव नव्हतं. ऑफिसात बोलावून आम्हाला विचारलं, "कुणी लिहिलं?" आम्ही सांगून टाकलं. भित्तिपत्रकाचे संपादक आम्हीच होतो. मुलाच्या अब्बांना मजुरी बुडवून शाळेत यावं लागलं.

यंदा तो नववीत, पहिल्याच बाकावर बसतो. परवा धडा संपला तेव्हा सगळ्या वर्गासमोर आम्ही त्याची माफी मागितली. तो लाजला. म्हणाला, "जाऊ द्या ना सर, टाकी तर दुरुस्त झाली."